गाडीतला डिजिटल रेडिओ: परीक्षेपासून कुंभार्ली घाटापर्यंत

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डखाली एक काळा डबा बसवलेला आहे. त्याला कुरळ्या वायरीचा माइक लटकतो आणि टपावर अर्ध्या मीटरची काडी उभी असते. बघणारा माणूस आधी विचारतो, "पोलिसात आहात का?" आणि मग आवाज जरा खाली आणून, "हे बाहेर कुणाला ऐकू येत नाही ना?" येतं. ज्याच्याकडे तसा संच आहे त्या कुणालाही ऐकू येतं, आणि ते तसंच असायला हवं असा नियम आहे. 'डिजिटल' म्हटलं की लोकांना 'गुप्त' ऐकू येतं. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. बँकेतून निवृत्त झालेल्या, विज्ञान दहावीनंतर सोडलेल्या बाईला या सगळ्यात काय काय करावं लागलं ते इथे क्रमाने लिहिते. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढून गाडीत संच बसवण्याच्या विचारात असलेल्यांना उपयोग होईल.

कारण चिपळूण. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले. भाऊ आणि वहिनी घराच्या वरच्या मजल्यावर, मी पुण्यात हातात फोन घेऊन. बातम्यांत आमची गल्ली दिसत होती आणि भावाचा आवाज मात्र मिळत नव्हता. नंतर सोसायटीतल्या एका काकांनी सांगितलं की किल्लारीच्या भूकंपात, १९९३ साली, हॅम लोकांनी संच लावून निरोप पोहोचवले होते. काका स्वतः जुने हॅम. "परीक्षा दे," म्हणाले. मी हसले. ते हसले नाहीत.

तरी माझं प्रत्यक्ष मनावर घेणं २०२३ च्या पावसाळ्यात झालं. परीक्षेचं नाव लांबलचक आहे, ॲमॅच्युअर स्टेशन ऑपरेटर्स सर्टिफिकेट, सगळे 'एएसओसी' म्हणतात. दूरसंचार विभागाचा डब्ल्यूपीसी विंग (वायरलेसचे परवाने देणारी शाखा) ती घेतो आणि अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर करायचा. दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेडला मोर्स (टिंब-रेषांची संकेतलिपी) लागत नाही. थिअरी आणि नियम अशा दोन भागांत प्रत्येकी ४० टक्के आणि एकूण ५० टक्के मिळाले की झालं. जनरलला प्रत्येक भागात ५०, एकूण ५५, शिवाय मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स घेणं आणि पाठवणं. काकांचा आग्रह जनरलचा. "दोनदा रांगेत उभं राहायचंय का?" हा युक्तिवाद बँकेतल्या माणसाला पटतो.

थिअरीची मला भीती होती, प्रत्यक्षात नियमांचा भाग जास्त रुक्ष निघाला. ओहमचा नियम, कपॅसिटर, ॲन्टेनाची लांबी यांना निदान एकमेकांचा आधार असतो. नियम मात्र पाठच करावे लागतात: व्यापारी निरोप चालत नाहीत, गाणी लावायची नाहीत, प्रत्येक संभाषणाची लॉगबुकात नोंद, सुरुवातीला आणि शेवटी आपलं कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळणारं ओळखनाव, सांगायचं, आणि बोलायचं ते सरळ भाषेत. हा शेवटचा नियम मी तेव्हा नुसता पाठ केला. मोर्ससाठी मोबाइलवर ॲप होतं. भाजी निवडताना कानात डिट-डा चालू. टिंब-रेषांचे तक्ते पाठ करू नका, अक्षर कानानेच शिका, हा काकांचा सल्ला अगदी खरा ठरला. तक्ता पाठ असला की मेंदू आधी टिंबं मोजत बसतो आणि तोवर पुढची दोन अक्षरं निघून जातात.

जानेवारी २०२४ मध्ये अर्ज भरला. परीक्षा शुल्क १०० रुपये, भरणा ऑनलाइन. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा, फोटो, सही. पोर्टल फाइलच्या आकाराबद्दल फार हळवं आहे. सगळं आधीच लहान करून एका फोल्डरमध्ये ठेवा. आधार, पॅन आणि दाखल्यावर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना तेही पाहा. माझ्या मधल्या नावातला एक 'ए' कमीजास्त होता, त्यावर पत्रव्यवहार झाला.

मार्चमध्ये बोरिवलीला गोराई रोडवरच्या मॉनिटरिंग स्टेशनवर (हवेतल्या रेडिओ संदेशांवर लक्ष ठेवणारं सरकारी केंद्र) परीक्षा. पहाटेची गाडी पकडून गेले. माझ्या एका बाजूला कॉलेजची मुलं, दुसऱ्या बाजूला आठवी-नववीतला एक मुलगा. वयाची अट १२ वर्षं पूर्ण एवढीच आहे. लेखी पेपर ठीक गेला. मोर्स घेताना पहिलं मिनिट हात थरथरत होता, मग नुसता कान उरला. परीक्षक शांत होते, घाई कुणी केली नाही.

निकाल आला, प्रमाणपत्र आलं, आणि इथे बरेच जण फसतात: प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. परवान्याचा अर्ज वेगळा. २० वर्षांचे १००० रुपये, आजीवन २०००. मी २० वर्षांचा घेतला, तेवढं आयुष्य मिळालं तरी खूप. यात उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पोर्टलवर अर्जाची स्थिती रोज बघून काही होत नाही, पण शंका काढली गेली असेल तर ती तिथेच दिसते, म्हणून आठवड्यातून एकदा जरूर बघा. ऑक्टोबरात परवाना आणि 'व्हीयू२' ने सुरू होणारं कॉलसाइन मिळालं. तोवर संच विकत घेतला नव्हता, आणि तुम्हीही घेऊ नका. परवान्याशिवाय असा संच नुसता जवळ बाळगणंही आपल्याकडे गुन्हा आहे. ऑनलाइन दुकानांत काय काय सर्रास मिळायचं ते सगळ्यांना माहीत आहे. २०२५ च्या मे महिन्यात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यावर मार्गदर्शक नियम काढले. ज्यांना फक्त सहलीत दोन गाड्यांनी एकमेकांशी बोलायचं आहे त्यांनी ४४६ मेगाहर्ट्झवरचे कमी शक्तीचे, मान्यताप्राप्त हातसंच बघावेत. त्यांना परवाना लागत नाही आणि एवढा खटाटोपही नाही.

आता संच कुठला? काकांची पिढी ॲनालॉग एफएमवाली. मला मात्र डिजिटल हवं होतं, आणि कारण अगदी साधं होतं: हॅम क्लबमधली तरुण मंडळी डीएमआर या डिजिटल पद्धतीवर होती. जपानी डी-स्टार आहे, येसू कंपनीचं सी४एफएम आहे, पण ज्यांच्याशी बोलायचं ते ज्यावर असतील तेच घ्यावं. एकाचं दुसऱ्याला कळत नाही.

डीएमआर हे युरोपातल्या एटसी संस्थेचं मानक, २००५ सालचं, मूळचं हॅमसाठी नाही, तर टॅक्सी, कारखाने, बंदरं यांच्यासाठी. १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनेलचे वेळेत दोन कप्पे पाडलेले असतात, प्रत्येक ३० मिलिसेकंदांचा. माझं ६० मिलिसेकंदांचं बोलणं दाबून एका कप्प्यात बसतं, पुढच्या कप्प्यात दुसऱ्या कुणाचं तरी. दाबण्याचं काम व्होकोडर करतो. तो आवाजाची लाट जशीच्या तशी पाठवत नाही. आवाज कसा तयार झाला याचं वर्णन पाठवतो, सेकंदाला २४५० बिट, वर चूक दुरुस्तीसाठी ११५०. म्हणून डीएमआरवर माणसाचा आवाज ओळखू येतो पण मागे वाजणारा कुकर काहीतरी भलताच प्राणी होतो. हा एएमबीई व्होकोडर एका अमेरिकन कंपनीच्या मालकीचा आहे. डेव्हिड रो या ऑस्ट्रेलियन हॅमने कोडेक-२ नावाचा मुक्त व्होकोडर लिहिला आहे आणि पोलंडमधून सुरू झालेली एम१७ ही पद्धत तोच वापरते. पण गाडीत बसवायला तयार संच हवा होता, म्हणून डीएमआर.

डिसेंबरात संच घेतला. दोन बँड (वारंवारतेचे पट्टे), २३ हजारांच्या आसपास. विक्रेत्याने परवान्याची प्रत मागितली, बरं वाटलं. परवान्यासोबतच्या तक्त्यात वारंवारता, शक्ती आणि प्रसारणाचा प्रकार असे रकाने असतात. साध्या एफएमला एफ३ई म्हणतात, डीएमआरच्या आवाजाला एफएक्सई. तो तक्ता समोर ठेवून, माझ्या श्रेणीत काय चालेल आणि गाडीतून बोलण्याबद्दल काय, हे मी संच जोडण्याआधी ईमेलने विचारलं आणि आलेलं उत्तर छापून परवान्याच्या प्रतीसोबत गाडीत ठेवलं. तुमची श्रेणी वेगळी असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं, त्यामुळे माझ्या भरवशावर राहू नका. तोंडी विचारपूस तर अजिबात नको. नाक्यावर हवालदाराला कागद दाखवावा लागतो.

डीएमआरसाठी स्वतःचा आयडीही लागतो. परवान्याची प्रत पाठवून नोंदणी केली की तो फुकट मिळतो. सात आकडी असतो, आपल्याकडचे ४०४ ने सुरू होतात. मग संच केबलने लॅपटॉपला जोडून 'कोडप्लग', म्हणजे संचाच्या सगळ्या सेटिंग्जची फाइल, भरायचा. हे काम संगणकाला सरावलेल्या माणसालाही पहिल्यांदा वैताग आणतं. नुसती वारंवारता भरून भागत नाही. कलर कोड (दोन्ही संचांत जुळावा लागणारा आकडा) ० ते १५ पैकी कुठला, कप्पा पहिला की दुसरा, टॉकग्रुप (बोलणाऱ्यांचा गट) कुठला, कुठले टॉकग्रुप ऐकायचे त्यांची यादी. काकांनी टेबलावर दोन संच शेजारी ठेवून मुद्दाम एकाचा कलर कोड बदलला. माइक दाबला, दुसऱ्याचा हिरवा दिवा लागला, स्पीकर मात्र गप्प. "आता हे तीन किलोमीटरवर झालं असतं तर तू ॲन्टेना बदलत बसली असतीस," म्हणाले. सोपा मार्ग: क्लबमधल्या कुणाचा तरी चालणारा कोडप्लग घ्या, त्यात आपला आयडी घाला, आणि मग एकेक ओळ समजून घ्या.

त्याच सॉफ्टवेअरमध्ये डाव्या बाजूच्या यादीत एक ओळ होती: एन्क्रिप्शन, म्हणजे बोलणं कुलूपबंद करणं. उघडलं तर तीन प्रकार. बेसिक, एआरसी४, एईएस-२५६. किल्ल्यांसाठी, म्हणजे कुलूप उघडणाऱ्या गुप्त आकड्यांसाठी, रिकामे रकाने. बँकेत एवढी वर्षं काढलेल्या माझ्यासारखीला हे पान फार ओळखीचं वाटलं. काका म्हणाले, "ते पान तुझ्यासाठी नाही." आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांचा पंचविसावा अनुच्छेद वेगवेगळ्या देशांतल्या हौशी केंद्रांना एकमेकांशी अर्थ लपवण्यासाठी संकेतबद्ध बोलायला मनाई करतो; अपवाद उपग्रहांना पाठवायच्या नियंत्रण-आज्ञांचा. आमचे बँड सामायिक आहेत, त्यामुळे कोण काय बोलतंय ते इतर हॅमना आणि मॉनिटरिंग स्टेशनला ऐकू आलं पाहिजे. पाठ केलेल्या सरळ भाषेच्या नियमाचा अर्थ तेव्हा डोक्यात शिरला. तिन्ही रकाने रिकामे ठेवले.

बसवणं जानेवारी २०२५ मध्ये. ऑटो इलेक्ट्रिशियनने विचारलं, "ताई, ॲम्प्लिफायर का?" त्याला समजावताना मीच शिकले. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून वीज घ्यायची नाही. पूर्ण शक्तीवर संच १० अँपियरच्या वर खेचतो आणि तो सॉकेट त्यासाठी नसतो. थेट बॅटरीपासून दोन जाड वायरी, दोन्हींवर बॅटरीजवळच फ्यूज, आणि इंजिन व केबिनमधल्या पत्र्यातून जाताना भोकाला रबरी ग्रोमेट. ग्रोमेट 'नंतर टाकू' म्हणत होता. मी तिथेच खुर्ची टाकून बसले. वायर पत्र्याला घासत राहिली तर आग लागते, त्यात नंतर काही नसतं. ॲन्टेना टपाच्या मधोमध, चुंबकाच्या बैठकीवर. टपाचा पत्रा हाच तिचा अर्धा भाग असतो, कडेला लावली तर तो अर्धा भाग वाया. १४५ मेगाहर्ट्झला पाव लांबीची काडी साधारण ५० सेंटिमीटर. केबल दाराच्या रबरातून आत घेतली, आणि आत येण्याआधी खाली झोळ ठेवला, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकतं, आत उतरत नाही. काकांनी एसडब्ल्यूआर मीटर (ॲन्टेनाकडून किती शक्ती परत फिरते ते दाखवणारं) लावून काडीचं टोक कानसने घासलं, पुन्हा मोजलं, पुन्हा घासलं. १.५ च्या खाली काटा आला तेव्हा चहा. ॲन्टेना, बैठक, केबल मिळून पाच हजार, वायरी-फ्यूज-मजुरी दोन. सर्व्हिस सेंटरला आधीच सांगून ठेवलं की मूळ वायरिंगला हात लावलेला नाही.

एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगितली नव्हती. गाडी सुरू असली की डीएमआरवर माझी ऐकण्याची कक्षा एकदम कमी व्हायची. आवाज आला तर स्वच्छ, नाहीतर काहीच नाही. डिजिटलची हीच खोड आहे: खरखर ऐकू येत नाही, त्यामुळे खरखर आहे हेच कळत नाही. काकांनी संच ॲनालॉगवर टाकायला लावला, स्क्वेल्च (एरवी खरखर दाबून टाकणारी सोय) उघडा ठेवला आणि गाडीतली एकेक वस्तू बंद करायला सांगितली. एसी, काही फरक नाही. दिवे, नाही. डॅशकॅमचा चार्जर सॉकेटमधून उपटला आणि स्पीकरमधला तो सततचा 'खर्रर्र' चटकन निम्मा झाला. दीडशे रुपयांचा चार्जर! तो बदलला, नवीनच्या वायरीला फेराइटचं (असा गोंगाट अडवणारं) कडं घातलं. तेव्हापासून डिजिटल संचात एक चॅनेल ॲनालॉग ठेवाच असं मी सगळ्यांना सांगते.

एन्क्रिप्शन प्रत्यक्ष वापरात बघायला मिळालं ते फेब्रुवारीत, खेडजवळच्या एका कारखान्यात. भाचा तिथे सुरक्षा विभागात आहे. त्यांच्याकडे स्वतःच्या वारंवारतेचा परवाना आहे, अग्निशमन गाडी, रुग्णवाहिका आणि गस्तीच्या जीपमध्ये डीएमआर संच आहेत, आणि एईएस चालू आहे. त्यांना ते परवान्याप्रमाणे चालतं आणि गरजही आहे. कुठल्या टाकीला गळती लागली हे गावभर ऐकू जायला नको. प्रत्येक संचात तीच किल्ली, त्याच क्रमांकाखाली भरलेली असावी लागते. मी गेले त्या दिवशी रुग्णवाहिकेचा संच दुरुस्तीहून आला होता आणि किल्लीचा रकाना रिकामा होता. गंमत अशी की तिचा चालक बोलला तर सगळ्यांना नीट ऐकू यायचं, कारण बाकीचे संच साधा आवाजही वाजवतात. त्यामुळे नियंत्रण कक्षाला काही बिघडलंय असं वाटलंच नाही. चालकाला मात्र उत्तर म्हणून बुडबुड्यांसारखा गोंगाट. आणि तो जे बोलत होता ते हवेत उघडं जात होतं. भाच्याने लॅपटॉप आणून किल्ली भरली, आणि संचाच्या नोंदवहीत 'किल्ली तपासली' असा नवा रकाना आखला.

हे फक्त इथलं नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मॅट ब्लेझ आणि सहकाऱ्यांनी २०११ साली अमेरिकी केंद्रीय यंत्रणांचे पी२५ या डिजिटल पद्धतीचे रेडिओ तपासले होते, आणि त्यांनाही गुप्त समजून केलेली संभाषणं उघड्या आवाजात ऐकू आली. उलट टोकाला टेट्रा, पोलिस वगैरे वापरतात ती डिजिटल रेडिओ पद्धत: २०२३ मध्ये मिडनाइट ब्लू या डच गटाने दाखवलं की टीईए१ ही त्यातली कुलूपबंद करण्याची पद्धत ८० बिटांच्या किल्लीची म्हणवली जात असली तरी आतून ती ३२ बिटांवर आणलेली आहे. शिवाय डीएमआरमध्ये बोलणं कुलूपबंद झालं तरी कोणत्या आयडीने कोणत्या ग्रुपवर माइक दाबला हे साधारणपणे उघडंच असतं. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, तू आता रिटायर्ड वाटत नाहीस."

जूनमध्ये, पाऊस नुकताच लागला असताना, पुण्याहून उंब्रज-पाटणमार्गे चिपळूणला निघालो. गाडी यजमानांच्या हातात, माइक माझ्या. हे मुद्दाम सांगते, कारण मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर चालवताना हातातलं संपर्क साधन वापरायला मनाई आहे. एकटी असेन तेव्हा मी गाडी बाजूला घेऊनच बोलते. चिपळुणात काकांचे एक हॅम मित्र ठरलेल्या वेळी बसले होते. कोयनानगरपर्यंत काहीही नाही. हेळवाकला काहीही नाही. मधे सह्याद्री उभा आहे, त्याला डिजिटलचं कौतुक नाही. कुंभार्ली घाट उतरायला लागलो तशी एका वळणावर हाक अर्धवट आली, यंत्रमानवासारखी तुटक, आणि पुढच्याच वळणाला गेली. पोफळीच्या बाजूला डोंगर मागे पडला तसा त्यांचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ आला. त्यांनी लगेच ॲनालॉगवर यायला सांगितलं, आणि मागे वळून त्याच मधल्या वळणावर जाऊन आम्ही दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. जिथे डीएमआर तुकडे करत होतं तिथे ॲनालॉगमध्ये खरखरीखालून शब्द लागत होते. जिथे ॲनालॉग नुसतं त्रासदायक होतं तिथे डीएमआर ऐकायला सुखाचं. पुरात निरोप घ्यायचा असेल तर मी आधी ॲनालॉग लावीन, असं लॉगबुकात लिहून ठेवलं आहे.

आता भावाच्या घराच्या गच्चीवर काडी लावायची आहे. त्याने माझ्या मागे माझ्या परवान्यावर बोललेलं चालणार नाही, परवाना त्याचाच हवा, म्हणून साठीला टेकलेल्या त्या गृहस्थाला परीक्षेला बसवलं आहे. तो रिस्ट्रिक्टेडच देणार म्हणतो, मोर्सचं नाव काढू देत नाही. अर्ज गेल्या आठवड्यात भरला, आणि पोर्टलने त्याचा फोटो परत पाठवलाय: फाइल मोठी आहे म्हणून.